द साउंड: आधी ‘जेपर्डी’ ऐकावा की ‘फ्रॉम द लायन्स माउथ’?

आधी एक अडचण. या बँडचं नावच ‘द साउंड’. इंटरनेटवर नुसतं तेवढं शोधलंत तर स्पीकरपासून कानाच्या डॉक्टरपर्यंत सगळं सापडेल, बँड मात्र नाही. सोबत एड्रियन बोरलँड हे नाव टाका. गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार तोच.

१९७९ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सुरू झालेला हा रॉक बँड १९८८ मध्ये आटोपला. जॉय डिव्हिजन किंवा एको अँड द बनीमेन हे त्याच काळातले ब्रिटिश बँड ऐकणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो ते हमखास सांगतात, पहिला अल्बम ‘जेपर्डी’ राहू दे, दुसऱ्या ‘फ्रॉम द लायन्स माउथ’पासून सुरुवात कर. मला हा सल्ला पटत नाही.

‘लायन्स माउथ’ कमअस्सल आहे म्हणून नव्हे. १९८१ चा हा अल्बम वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत निर्माता ह्यू जोन्सने घडवला. आवाज भरदार, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, कॉल्विन मेयर्सचे कीबोर्ड मागे धुक्यासारखे पसरलेले. पहिलंच गाणं ‘विनिंग’ सावकाश चढत जातं आणि हरता हरता उभं राहिलेल्या माणसासारखं वाटतं. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत, त्याच ह्यू जोन्सने बनीमेनचा ‘हेवन अप हिअर’ही केला. दोन्ही बँड वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीच्या कोरोव्हा या एकाच लेबलवर. त्यात बनीमेन घरचे लाडके. म्हणून नवखा श्रोता ‘लायन्स माउथ’ लावतो, ‘छान आहे, पण बनीमेनसारखं वाटतंय’ म्हणतो आणि पुढे जातो. या बँडचं नुकसान ह्या ‘सारखं’ने जितकं केलं तितकं टीकेने केलं नसेल.

‘जेपर्डी’ला तो धोका नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये आलेला हा अल्बम सुमारे ८०० पौंडांत उरकला होता, आणि ते ऐकू येतं. पहिलं गाणं ‘आय कान्ट एस्केप मायसेल्फ’ हेडफोनवर लावून बघा. बेस आणि ड्रम्स अगदी मोजके. बोरलँड गात नाही, जवळजवळ पुटपुटतो. मग गिटार दार आपटल्यासारखी कोसळते आणि तितक्याच झटक्यात गप्प होते. ती शांतता झाकायला मागे काहीच नाही. पैसे जास्त असते तर कुणीतरी तिथे नक्की काहीतरी भरलं असतं.

पुढे ‘हार्टलँड’ धावत सुटतं. ‘मिसाइल्स’मध्ये, ही क्षेपणास्त्रं बनवतं तरी कोण, हा प्रश्न ओरडून विचारला जातो. अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ब्रिटनमध्ये ठेवायचं नुकतंच ठरलं होतं, त्यामुळे तो संताप उसना नाही. या अल्बमवर बँडमधली बाय मार्शल कीबोर्डखेरीज सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटही वाजवते. पुढच्या अल्बमपर्यंत ती बँडमध्ये राहिली नाही, आणि तिच्यासोबत एक खरखरीतपणाही गेला.

‘जेपर्डी’त कच्चे दुवे नाहीत असं नाही. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवरची एकदोन गाणी अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखी राहिली आहेत. स्वच्छ, भारलेला आवाज हवा असेल, किंवा एकच अल्बम घ्यायचा असेल, तर मुकाट ‘लायन्स माउथ’ घ्या. त्यातलं ‘सायलेंट एअर’ एकट्याने पैसे वसूल करतं. पण बँड ओळखून घ्यायचा असेल तर आधी ‘जेपर्डी’. तो ऐकल्यावर ‘लायन्स माउथ’ बनीमेनसारखा वाटत नाही. त्याच चार भिंतींना पुढे चढवलेला मजला वाटतो.

बोरलँडची कहाणी मात्र आधी वाचू नका. दीर्घ मानसिक आजारानंतर १९९९ मध्ये त्याने आयुष्य संपवलं, आणि ते कळलं की प्रत्येक ओळीत लोक तेवढंच शोधत बसतात. ‘विनिंग’ गाताना तो २३ वर्षांचा होता आणि जिंकायच्याच गोष्टी करत होता.

तिसरा, ‘ऑल फॉल डाउन’ (१९८२), सुरुवातीला तर नकोच. कंपनीला खपणारी गाणी हवी होती. बँडने मुद्दाम उलटं केलं आणि करार गेला. अजूनही ठरत नसेल तर ‘इन द हॉटहाउस’ हा १९८५ मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेला लाइव्ह अल्बम लावा. त्यात ‘विनिंग’ही आहे आणि ‘मिसाइल्स’ही.