विजया तेल, ३० मिली: झोप लागली, पण आयएनआर ५.२ वर गेला

कराडात मी ३१ वर्षं मेडिकल चालवलं. बाटली हातात आली की आधी लेबल वाचायचं, ही सवय दुकान मुलाच्या मित्राला दिल्यावरही सुटलेली नाही. या तेलाचं लेबल मी वाचलं होतं आणि तरीही ते घरात येऊ दिलं.

सौ.च्या हृदयात २०११ पासून धातूची झडप आहे. तेव्हापासून रोज रात्री वॉरफेरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, गोळी. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवावा लागतो. गुडघे इतके ठणकतात की रात्री तीन-तीनदा उठून बसते, पण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव होण्याची भीती, म्हणून त्या देता येत नाहीत. मुलाने पुण्याहून हे तेल मागवलं. "बाबा, आयुर्वेदिक आहे, आईला काही होणार नाही." किंमत २,२५० रुपये.

विजया म्हणजे भांग, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण जाहिरातीत तो शब्द शोधूनही सापडत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्यात धरलेलं नाही. म्हणून पानाच्या अर्काचं औषध परवाना घेऊन विकता येतं. कायद्याने चालतं म्हणजे जपायला नको, असं मात्र नाही. आयुर्वेदातच विजयेची गणना उपविषांत आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय ती पोटात द्यायची नसते. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही भांग आहे, त्यामुळे बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना हवीच. ती होती, इंग्रजी-हिंदीत, तळाशी, चष्मा लावून वाचावी लागेल एवढ्या अक्षरांत. एकूण अर्क किती मिलिग्रॅम तेही होतं. त्यात भांगेतलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी किती आणि नशा न आणणारं सीबीडी किती, हे वेगळं कुठेच नव्हतं. खोका सुरेख आहे, ड्रॉपर गळत नाही, झाकण लहान मुलाला उघडणार नाही. हे चांगलं केलंय.

आता देखरेखीचं. ऑर्डर करताना व्हिडिओ कॉलवर डॉक्टर बोलतात. आमचा कॉल चार मिनिटांचा झाला. वय, वजन, दुखणं कुठे, झोप किती. सध्या कोणती औषधं चालू आहेत, हे विचारलंच नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा मानसिक आजार आहे का, हेही नाही. टीएचसी असलेलं काहीही देण्याआधी हे विचारायलाच हवं. रात्री तीन थेंब, एवढं सांगून कॉल संपला.

पहिल्या रात्री तासभर काहीच जाणवलं नाही म्हणून तिने आणखी तीन थेंब घेतले. पोटातून जाणारी भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि अंमल बारा तासही राहू शकतो. धुळवडीच्या संध्याकाळी माझ्या काउंटरवर उलटीची गोळी मागायला येणारी पोरं हेच सांगायची: पहिल्या पेल्याने काही झालं नाही, म्हणून दुसरा घेतला. पहाटे तीनला सौ. बाथरूमला उठली आणि उंबऱ्यापाशी खाली बसली. "अहो, जमीन हलतेय." छातीत धडधड, तोंड कोरडं. मशीन लावलं तर उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम खाली. ती पडली असती तर, या विचाराने अजून माझी झोप उडते.

नंतर तीनच थेंबांवर आणलं आणि खरं सांगायचं तर पुढचे आठ-दहा दिवस ती छान झोपली. गुडघ्यांचंही गाऱ्हाणं कमी झालं. मीही खूश होतो. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि दंडावर कारण नसताना काळानिळा डाग उमटला. त्याच दिवशी रक्त तपासलं. आयएनआर ५.२.

हृदयरोगतज्ज्ञांनी तेल ताबडतोब बंद केलं. यकृतातलं जे एन्झाइम वॉरफेरिनचा निचरा करतं, त्यालाच टीएचसी आणि सीबीडी अडवतात. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ती साचत जाते. फिटच्या काही गोळ्यांनाही सीबीडीची अशीच अडचण येते. दोन दिवस वॉरफेरिन थांबवलं, आठवड्याने आयएनआर २.९ आला. तेलाखेरीज त्या दिवसांत जेवणात किंवा औषधांत काहीही बदललेलं नव्हतं.

रक्त पातळ करणारी किंवा फिटची गोळी चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, रात्री उठताना तोल जात असेल, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय हे तेल घेऊ नका. इतरांनीही पहिल्या रात्री दुसरा डोस घेऊ नये. घेतल्यावर गाडी तर चालवूच नये. झोपेसाठी गुण दिसला म्हणून पाचपैकी दोन तारे देतोय.

कंपनीला मी सगळे रिपोर्ट पाठवले. त्यांनी पूर्ण पैसे परत केले, बोलणंही सभ्य होतं. मी मागितलं होतं ते एवढंच, की ऑर्डरच्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' असा एक रकाना घाला. दीड महिना झाला. काल रात्री मुलाला फॉर्म पुन्हा उघडायला लावला. वय, वजन, पत्ता, पिनकोड आहे. तो रकाना नाही.