एलएम२५९६ बक मॉड्यूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

२४ व्होल्टवरून ५ व्होल्ट काढायला हे बक, म्हणजे डीसी व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल सतत चालू आहे. साधारण १ अँपिअरच्या लोडवर तक्रार नाही. ३ अँपिअरचा दावा मात्र हीटसिंकशिवाय विसरा. खरी गोम 'इनपुट ४० व्होल्ट' या ओळीत आहे. तो आकडा एलएम२५९६ या आयसीचा, म्हणजे चिपचा. बोर्डावरचे बाकीचे भाग तेवढं सोसतीलच असं नाही.

आधी इनपुटच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचं रेटिंग वाचा. बऱ्याचदा तो ३५ व्होल्टचा निघतो. डेटाशीट तिथे कमाल इनपुटच्या सुमारे दीडपट रेटिंग मागते, म्हणजे हा २३ व्होल्टपर्यंतच पुरतो. २४ साठी ५० व्होल्टचा, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) बसवा. मग डायोड बघा. एसएस३४ असेल तर तो ४० व्होल्टचा. आयसीतला स्विच चालू असतो तेव्हा जवळजवळ अख्खं इनपुट त्याच्यावर उलटं पडतं. सव्वापट मार्जिन धरलं की इनपुटची मर्यादा ३२ वर येते.

ट्रान्सफॉर्मरवर चालवणाऱ्यांची गफलत इथेच होते. २४ व्होल्ट एसीचं शिखर ३४. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांत) दीड-दोन व्होल्ट गेले तरी ३२ उरतात, तेही पूर्ण लोडवर. लहान ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा छापील आकड्याच्या बराच वर जातो. त्यात मेन्स १० टक्के चढले की ३८ सुद्धा ओलांडतील. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, डीसी साधारण २४ मिळतं.

त्याच लाइनवर रिले किंवा मोटर असेल तर इनपुटला एसएमबीजे२४ए टीव्हीएस (व्होल्टेजचे अचानक झटके दाबणारा डायोड) लावा, आणि त्याच्या आधी फ्यूज. या टीव्हीएसचं क्लॅम्पिंग, म्हणजे झटका अडवणं, ३८.९ व्होल्टला होतं. २६ए घेतला तर ते ४२.१ वर जातं, म्हणजे एसएस३४ च्या ४० व्होल्टच्या पलीकडे. अर्थात सप्लाय २४ वरच स्थिर हवा, २६-२७ पर्यंत चढवलेला नको.

माझी सर्वात मोठी नापसंती ट्रिमपॉटला, म्हणजे आउटपुट ठरवणाऱ्या, फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला. आउटपुट आणि फीडबॅक (आयसी जिथून आउटपुट तपासतो ती पिन) यांच्यामधला त्याचा संपर्क तुटला तर फीडबॅक शून्यावर येतो, आयसीतला स्विच पूर्ण चालू राहतो आणि ५ व्होल्टच्या सर्किटवर जवळपास २४ जातात. कायमच्या कामासाठी तो काढून टाका. फीडबॅक ते ग्राउंड रेझिस्टर मोजा; ३३० ओहम असेल तर ट्रिमपॉटच्या जागी १ किलोओहम, १ टक्क्याचा. आउटपुट ४.९६ व्होल्ट येतं. लोड जोडण्याआधी ते मीटरवर बघून घ्या.