बालुचरी, स्वर्णचरी की गरद?

कलकत्त्याला निघालेल्या मैत्रिणीचा फोन आला, की मला प्रश्न ठाऊक असतो : एकच बंगाली सिल्क आणायची आहे, कुठली आणू? मी उलट विचारते, कपाटात पैठणी आहे का?

पैठणीमुळे आपल्याला एक खोड लागते. साडी हातात आली, की आधी उलटी करून बघायची. चांगल्या पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्याच नजरेनं बालुचरी ही बंगाली रेशमी साडी उलटी केली तर मागे मोकळे, कातरलेले धागे दिसतात आणि आपण नाक मुरडतो. पण तो दोष नव्हे. बालुचरीची नक्षी जादा आडव्या धाग्यानं भरतात. नक्षी संपली की तो धागा मागच्या बाजूनं पुढे जातो. तेव्हा बालुचरी सुलट बाजूनंच जोखायची, आणि तीही पदरापासून.

नाव पडलं मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या भागीरथीकाठच्या बालुचर गावावरून. अठराव्या शतकात नवाबी थाटात ही साडी बहरली. जुन्या पदरांवर मधोमध मोठा कलका, म्हणजे आपली कुयरी, आणि तिच्या भोवती चौकटीच चौकटी. एका चौकटीत हुक्का ओढणारा नवाब, दुसरीत फूल हुंगणारी बेगम, पुढे खुर्चीतला गोरा साहेब. नंतर तर आगगाडीसुद्धा आली. पदरावर देव नाहीत, आजूबाजूचं जग! आणि हे सगळं जरीशिवाय, नुसत्या रेशमात. दुबराज दास हे बालुचरचे शेवटचे नामवंत विणकर. ते साडीत आपलं नाव विणून ठेवत. त्यांच्यानंतर ही कला जवळजवळ बुडालीच.

आज बाजारात मिळते ती बालुचरी बांकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरची. 1950च्या दशकात सुभो ठाकूर या चित्रकाराच्या पुढाकारानं अक्षयकुमार दास यांनी ती जॅकार्ड मागावर, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी उचलणाऱ्या मागावर, पुन्हा उभी केली. बिष्णुपूर म्हणजे मल्ल राजांच्या, भाजलेल्या मातीच्या नक्षीदार मंदिरांचं गाव. साहजिकच नवाब मागे पडले आणि पदरावर गीतोपदेशाचा रथ, रामायण, राधाकृष्ण आले. जुन्या नवाबी नक्षीचे पदरही विणतात, पण ते मुद्दाम मागावे लागतात. मला विचाराल तर तेच मागा.

स्वर्णचरी हिचीच बहीण. विणकाम तेच, फक्त नक्षीत रेशमाऐवजी जर. लग्नाच्या मांडवात लांबून उठून दिसते, फोटोतही छान येते. पण जर चमकली की चित्रातले बारकावे हरवतात. सारथी कुठला आणि घोडा कुठला ते जवळ जाऊन शोधावं लागतं. शिवाय घडीवर जर मोडते. पैठणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरीच्या पदरावर पुन्हा पैसे कशाला घालायचे? एकाच रंगाच्या धाग्याऐवजी दोन-तीन रंगांत भरलेली मीनाकारी बालुचरीही मिळते. जरीकाम नको पण रंग हवेत, तर ती बघा.

गरदचा बाजच निराळा. न रंगवलेलं, मोतिया झाकेचं रेशीम, त्याला लाल काठ, अंगावर फार तर बारीक बुट्टी. हीसुद्धा मुर्शिदाबाद जिल्ह्यातली, मिर्झापूरची. बंगाली घरात ही पूजेची साडी : दुर्गापूजेत अष्टमीला देवीला फुलं वाहताना, दशमीला बायका एकमेकींना सिंदूर लावतात त्या सिंदूरखेळाला. आपल्याकडे सोवळं नेसतात त्याच भावनेनं. कोरियाल नावाची साडी तिच्यापेक्षा नटलेली, काठ आणि पदर भरलेले. 2024मध्ये या दोघींनाही भौगोलिक मानांकन मिळालं. गरद हलकी, चापूनचोपून बसते आणि बालुचरीपेक्षा सहसा स्वस्तही पडते. हळदीकुंकू, गौरी, सत्यनारायण, कुठेही खपते. मात्र पांढऱ्यावर हळदीचा डाग म्हणजे कायमचा पाहुणा, आणि लाल काठ पहिल्या धुण्यात रंग सोडू शकतो. घरी भिजवू नका.

बालुचरीचंही एक दुखणं आहे. माझ्या पदराचा धागा एका लग्नात तोड्यात अडकला आणि अर्जुनाच्या घोड्याचा पाय कायमचा आखडला. तेव्हापासून ती नेसले की हातात साध्या काचेच्या बांगड्या.

थोडक्यात माझा कौल असा : पैठणी आहे, तर जरीशिवायची बालुचरी, गडद जांभळी किंवा लाल, नक्षी फिक्या रेशमाची. पैठणी नाही आणि घरात लग्न आहे, तर स्वर्णचरी; जर खरी की टेस्टेड, म्हणजे नकली, ते आधी विचारून घ्या. वर्षातून पाच-सहा वेळा नेसायची असेल तर गरदच.

दुकानात दोन गोष्टी करा. कांथा भरलेली टसर कुणी बालुचरी म्हणून पुढे केली तर मागे सारा. ते सुईचं भरतकाम आहे, मागावरचं नव्हे. आणि पदर पूर्ण उलगडून माणसांचे चेहरे बघा. नक्कल केलेल्या साडीत तोंडाच्या जागी नुसता ठिपका असतो. नाक-हनुवटी ओळखू येत नसेल तर घडी घालून परत द्या.