बुकिंग आधीचं, टॅक्स नवा: बिल आत्ता घ्यावं की थांबावं?

२०२५ च्या सप्टेंबरात ३ तारखेला जीएसटी कौन्सिलनं नवे दर जाहीर केले आणि २२ ला, ऐन घटस्थापनेला, ते लागू झाले. मधल्या दिवसांत सांगलीत माझ्या टेबलासमोर बसणारा प्रत्येक जण एकच विचारायचा: "आम्ही तर आधीच बुक केलंय, मग आम्हाला कुठला दर?"

बुकिंगच्या तारखेला इथं काडीची किंमत नाही. जीएसटी कायद्याचं कलम १४ तीन तारखा बघतं: माल कधी दिला, बिल कधी फाडलं, पैसे कधी आले. तीनपैकी दोन २२ तारखेच्या ज्या बाजूला पडतील, तिकडचा दर.

ट्रॅक्टरचं बघा. मूळ किंमत ६ लाख धरू. जुन्या १२ टक्क्यांनी ६,७२,०००, नव्या ५ टक्क्यांनी ६,३०,०००. ॲडव्हान्स ऑगस्टमध्ये दिला, पण बिल आणि डिलिव्हरी २२ नंतर, तर नवा दर. दोन्ही २० तारखेलाच उरकलं, तर बँकेचे पैसे ऑक्टोबरात आले तरी जुनाच. "बिल नंतर बदलून देतो" म्हणणाऱ्या डीलरवर विसंबू नका. दर त्या दिवशी बरोबर लावला असेल, तर नुसता टॅक्स उतरला म्हणून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी, निघत नाही. ४२ हजारांसाठी मी थांबायलाच सांगितलं. तोवर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं चालतो.

ठिबकचं गणित वेगळं. तिथंही १२ चे ५ झाले, पण लाखाच्या मालावर वाचतात ७ हजार. तासगावकडं द्राक्षाची छाटणी तोंडावर असताना त्यासाठी बाग कोरडी ठेवायची? मी तरी ठेवली नसती.

३५० सीसीच्या वरची मोटरसायकल घेणाऱ्याचं सगळंच उलट. आधी २८ टक्के आणि वर ३ टक्के सेस होता, त्या जागी एकूण ४० टक्के टॅक्स आला. त्यानं नुसतं बुकिंग करून गप्प बसायचं नव्हतं, २२ च्या आत बिल करून गाडी दारात आणायची होती. दुकानदार, कारखानदार मात्र निवांत. धंद्याच्या मालावर भरलेला टॅक्स त्यांना बहुतेक वेळा क्रेडिटमध्ये परत मिळतो. शेतकऱ्याला ती सोय नाही.

एक गोष्ट ऑर्डर फॉर्मवरच बघून घ्या. करारानंतर टॅक्स उतरला तर तेवढी रक्कम वजा करून घ्यायचा हक्क १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम ६४अ ग्राहकाला देतं. वाढला तर तोच हक्क विकणाऱ्याला. पण करारात वेगळं ठरलं असेल, तर तेच चालतं. माझ्या एका पाहुण्यानं ठिबकच्या फॉर्मवर "टॅक्ससह एकरकमी, दरात बदल नाही" यावर सही ठोकली होती. डीलर हटेना, पाहुणा हटेना. शेवटी एक फिल्टर फुकट देऊन मिटवलं.