कुंडीतल्या मोगऱ्यासाठी तयार पॉटिंग मिक्स: कोणती पिशवी घ्यावी, कोणती नको

मोगरा कुंडीत लावला की त्याच मातीत तो दोन-तीन वर्षं काढतो. बाजारातल्या तयार मिश्रणांची खरी परीक्षा इथेच होते. झेंडू, पिटुनिया ही हंगामी फुलं चार महिन्यांत आटोपतात, त्यांना हलकंफुलकं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पुरतं. मोगऱ्याच्या कुंडीत तेच मिश्रण वर्षभरात दोन-तीन इंच खाली बसतं. त्यातलं खत कुजून संपतं, मधल्या पोकळ्या बुजतात आणि ऐन पावसाळ्यात मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून मोगऱ्यासाठी मिश्रण निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा: यात खरी माती किती आहे?

नर्सरीत साधारण तीन प्रकारचा माल दिसतो. पहिला म्हणजे रंगीत पिशवीतलं, जवळजवळ सगळं कोकोपीट असलेलं मिश्रण. मूठभर हातात घेतलं की तपकिरी भुसा आणि नारळाचे बारीक धागे लगेच दिसतात. वजनाला हलकं, गॅलरीत उचलायला सोपं, पण मोगऱ्यासाठी एकटं वापरण्याजोगं नाही. वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळे रोज पाणी घातलं जातं आणि मुळं सडतात. उलट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी धरत नाही. पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं. कोकोपीट धुतलेलं नसेल तर त्यात क्षार राहतात आणि पानांच्या कडा करपतात. शिवाय ही पिशवी बऱ्याचदा किलोवर विकली जाते. ओल्या कोकोपीटमध्ये बरंचसं वजन पाण्याचंच असतं. ज्या पिशवीवर लिटर छापलेले असतात, तिचाच भाव पडताळता येतो.

दुसरा प्रकार नर्सरीवाल्यांनी स्वतः मिसळलेल्या माती-खताच्या गोणीचा. दिसायला साधी, पण तिन्हींत मोगऱ्याला सर्वांत जवळची हीच, फक्त माती लाल हवी. काळी माती कुंडीत भिजली की चिकट होते, वाळली की आक्रसून कडा सोडते आणि बारीक मुळं तोडते. या गोणीचा दुसरा धोका कच्च्या शेणखताचा. गोणीचं तोंड उघडून वास घ्यावा. पावसानंतरच्या मातीसारखा आला तर उत्तम. नाकाला झोंबला किंवा आंबूस आला तर खत कुजलेलं नाही. असं खत कुंडीत तापतं आणि बऱ्याचदा हुमणीही सोबत येते. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की गोणी परत करावी.

तिसरा प्रकार परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे, हलके दाणे) घातलेल्या महाग पिशवीचा. निचरा चांगला होतो, पण मातीचा आधार यातही नसतो. पाणी घालताना पांढरे दाणे वर तरंगून येतात आणि वर्षभरात बरेचसे दाणे पृष्ठभागावरच दिसू लागतात.

आमची पसंती लाल मातीच्या गोणीला, दुरुस्ती करून. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. त्यासाठी ६ लिटर लाल माती, ४ लिटर गांडूळखत, ३ लिटर धुतलेलं कोकोपीट, २ लिटर जाड वाळू किंवा परलाइट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड घ्यावी. कोकोपीटची पिशवी आधीच घरात असेल तर तिचे ७ लिटर, लाल माती ५, वाळू २ आणि गांडूळखत १ लिटर, एवढ्याने काम होतं. गांडूळखत घेताना पिशवीवरचा तपशील वाचावा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार त्यात ओलावा १५ ते २५ टक्के आणि नत्र किमान १ टक्का हवं. पिळल्यावर पाणी गळणारं खत घेऊ नये.

मिश्रण तयार झालं की मूठ आवळून पाहावी. गोळा बनला आणि बोटाने टोचताच फुटला तर वाफसा (ओलावा आणि हवा यांचा मेळ) बरोबर आहे. गोळा फुटत नसेल तर वाळू वाढवावी. बनतच नसेल तर माती.

लावताना एक चूक हमखास होते. नर्सरीच्या काळ्या पिशवीतल्या रोपाभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच हलक्या मिश्रणात ठेवला की पाणी गोळ्याबाहेरच्या भुसभुशीत भागातून निघून जातं. भोवतालचं मिश्रण ओलं असूनही गोळा कोरडा राहतो आणि रोप सुकतं. गोळा पाण्याच्या बादलीत १० मिनिटं बुडवून कडेची माती बोटांनी हलकेच सोडवावी, दोन-चार मुळं मोकळी दिसेपर्यंत. मग लावावं.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर आणखी शेणखत घालण्याची घाई करू नये. बोअरचं जड पाणी किंवा चुनखडीची माती लोह अडवून धरते. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह मिळतं. अशा मातीत त्यातलं ईडीटीए प्रकारचं टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं मागून घ्यावं. हाडांचा चुराही अशा मातीत विरघळत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत छाटणी झाल्यावर कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने काढून तिथे याच मिश्रणाची भर घालावी. तिसऱ्या वर्षी रोप बाहेर काढून कडेची गुंडाळलेली मुळं कापावीत आणि सगळं मिश्रण बदलावं.