अजिंठा घरच्यांसोबत: सकाळची पहिली बस बरी की दुपार?

जळगावकडून अजिंठ्याला गेलं की रांग एक नसते, चार असतात. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर, म्हणजे गाडी सोडून लेण्यांची बस धरायची त्या फाट्यावर, बसची, वर पायथ्याशी तिकिटाची, मग पहिल्या-दुसऱ्या लेण्याच्या दाराशी, आणि परतताना पुन्हा बसची. आजी-आजोबा आणि लहान पोरं सोबत असतील तर यातल्या किती टळतात यावरच दिवस कसा जाणार ते ठरतं.

वेळा दोनच विचारात घ्याव्यात: सकाळी नऊला दार उघडताना, नाहीतर दुपारी दोननंतर. मधली वेळ सोडून द्या. संभाजीनगर तिथून शंभरेक किलोमीटर. तिकडची मंडळी न्याहारी करून निघतात आणि साडेदहा-अकराला टी-पॉइंटवर एकदम उतरतात. आपल्याला जळगावपासून साठच किलोमीटर पडतात. हा फायदा आपल्याकडचे लोक वापरतच नाहीत, आरामात निघून नेमके त्याच गर्दीत सापडतात. सोमवारी लेणी बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, म्हणून दोन्ही पाहणारे त्या दिवशी अजिंठ्याला येतात, हे मात्र लक्षात राहत नाही. बुधवार ते शुक्रवार त्यातल्या त्यात मोकळे.

सकाळचा बेत असेल तर जळगाव साडेसहाला सोडावं. नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला दीड तास धरा. पहूरला चहाला थांबलात तर वीस मिनिटं वरची. खासगी गाडी टी-पॉइंटला लावावीच लागते, पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसने. वाहनतळ आणि बसथांबा यांच्यामध्ये दुकानांची ओळ आहे. रंगीत दगड, माळा परतताना बघू म्हणावं आणि पुढे चालावं, कारण पोरं तिथे रेंगाळली की बस हुकते आणि पुढच्या बसला माणसं दुप्पट झालेली असतात.

तिकीट दोन्ही बेतांत आदल्या रात्री घरूनच काढावं. भारतीयांना 40 रुपयांच्या आसपास, पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, दरीत रेंजवर भरवसा नको. मोठ्यांचं ओळखपत्र घ्याच, आणि तेरा-चौदा वर्षांच्या उंच पोराचं आधारही घ्या. वयावरून घासाघीस होते ती तिथेच. म्हणजे तिकिटाची रांग दोन्ही वेळी टळते. तो मुद्दा निकालात.

तिसऱ्या रांगेत फरक पडू लागतो. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात, आणि प्रत्येक ठिकाणी पादत्राणं बाहेर काढायची असतात. सहा जणांच्या घरात दोघांचे लेसचे बूट असले तर उरलेले चौघं दर लेण्याला त्यांची वाट बघत उभे. सगळ्यांनी चपला किंवा साधे सँडल घालावेत, आणि एक कापडी पिशवी घ्यावी म्हणजे ढिगातून जोड शोधत बसावं लागत नाही. मार्चनंतर दुपारी अंगणातला दगड तापतो, म्हणून पोरांसाठी मोजे हवेत.

सकाळी लवकर पोचलात तर थेट 1 आणि 2 क्रमांकाची लेणी उरकावीत. उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नीट दिसत नाही. खांबाजवळ थांबून डोळे सरावू द्यावेत, मग 1 मध्ये गाभाऱ्याच्या डाव्या हाताचं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र पाहावं. गर्दीत ही तीन मिनिटंच मिळत नाहीत, मागचे पुढे ढकलतात. नंतर 16, 17, मग 19 आणि शेवटी 26. तिथे डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणाची, म्हणजे अखेरच्या क्षणी आडव्या झालेल्या बुद्धाची, सात मीटरच्या आसपास लांबीची मूर्ती आहे. म्हातारी माणसं तिथे आपणहून बसून राहतात, त्यांना उठवू नये. 9 आणि 10 येताना पाहता येतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी पायथ्याशी डोली मिळते; कुठल्या लेण्यापर्यंत आणि परतीसह किती, हे बसण्याआधी ठरवून घ्यावं.

दुपारचा बेतही वाईट नाही. शिरपूर, नंदुरबारकडच्यांना पहाटे निघणं जमत नाही, त्यांना तोच सोयीचा. साडेतीननंतर सहलीचे मोठे गट ओसरतात आणि 17 मध्ये भिंतींवरच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, सावकाश बघता येतात. दुपारी क्रम उलटा ठेवावा, आधी 26, मग मागे येत 1. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली सकाळपासूनच येतात, तेव्हा सकाळचा फायदा थोडा कमी होतो हेही खरं.

तरी माझं मत सकाळकडे झुकतं, ते चौथ्या रांगेमुळे. लेणी साडेपाचला बंद होतात, त्यामुळे पावणेपाचपासून वरची सगळी माणसं एकाच थांब्याला येऊन उभी राहतात. वर जाताना गर्दी दिवसभर विखुरलेली असते, उतरताना ती एका तासात गोळा होते. बस लागली की लोटालोट होते. वडील आत, आई खाली, झोपलेलं पोर खांद्यावर, आणि रिकामी जागा मागच्या दाराशी. या रांगेत क्यूआर कोडही कामाला येत नाही आणि ओळखही नाही. टाळायची तर सव्वाचारला उतरायला हवं, म्हणजे वर दोन तासच मिळतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन 26 पर्यंत जाऊन यायला तीन तरी लागतात. सकाळी गेलेली मंडळी साडेबाराला उतरतात तेव्हा बसेस माणसं वर घेऊन येतात आणि खाली जवळजवळ रिकाम्या जातात. सगळ्यांना एकत्र बसायला जागा मिळते, खिडकीसुद्धा.

ज्यांना दुपारशिवाय पर्याय नाही त्यांनी 2 आणि 16 सोडून द्यावीत आणि 26, 17, 1 एवढीच निवांत बघून चारच्या सुमारास उतरावं. डबा दोन्ही बेतांत टी-पॉइंटला परत आल्यावरच उघडा. वर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली की माकडं सरळ मांडीवरच्या पिशवीला हात घालतात.