डीएम-मल्टिपाथ: पाथ मेला तर निवांत, आजारी पडला तर जागरण

लिनक्स क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाच्या) मागे फायबर चॅनलचं सॅन, म्हणजे स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क, असलं की डीएम-मल्टिपाथ वापरायचं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या अनेक वाटा (पाथ) सांभाळणारं हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनबरोबर येतंच. त्यामुळे त्याचं परीक्षण कुणी लिहायला बसत नाही, पण क्लस्टर अपरात्री आडवा झाला की पहिली शिवी त्यालाच बसते. माझ्यापुरतं सांगायचं तर पाथ साफ मेला असेल तेव्हा मी या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबतो. पाथ अर्धवट मेला असेल तर मूळ सेटिंगवर अजिबात नाही.

आधी चांगलं. दोन एचबीए (सर्व्हरमधली सॅनची कार्डं), मधे दोन स्विच, पलीकडे स्टोरेजचे दोन कंट्रोलर अशी नेहमीची मांडणी असली की स्टोरेजवरचा एकच लन (डिस्कसारखा वापरायचा तुकडा) सर्व्हरला चार डिस्क म्हणून दिसतो. मल्टिपाथ त्यांची ओळख पटवून एकच डिस्क पुढे करतं. स्टोरेज एएलयूए (कोणता पाथ पसंतीचा ते सांगणारी पद्धत) पाळत असेल तर ‘मल्टिपाथ -एलएल’ ही कमांड मारल्यावर दोन गट दिसतात: लन ज्या कंट्रोलरकडे आहे त्याचे पाथ 50 प्राधान्याचे, दुसऱ्याचे 10 चे. आता चालू लोडवर एक केबल उपटा. लिंक गेल्याचं एचबीएला लगेच कळतं, 5 सेकंदांचा फास्ट आयओ फेल टाइमआउट संपतो, अडकलेला आयओ (वाचण्या-लिहिण्याची मागणी) परत येतो आणि दुसऱ्या पाथने निघून जातो. डेटाबेसला जरा ठसका लागल्यासारखं होतं, बस. केबल परत लावली की चेकर (पाथ ठराविक वेळाने तपासणारा भाग) पाहतो आणि पाथ आपसूक कामाला लागतो. हे काम ते वर्षानुवर्षं इतकं चोख करतंय की त्यात लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

खरी गंमत आजारी पाथची. आमच्या एका क्लस्टरमध्ये डेटाबेस मधूनच अर्धा मिनिट गोठायचा आणि परत चालू लागायचा. क्लस्टरच्या मते सगळं हिरवं. ‘मल्टिपाथ -एलएल’ पाहिलं तर चारही पाथ ॲक्टिव्ह, रेडी, रनिंग. लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला: एसडीएफ हा पाथ फेल झाला, तीन पाथ उरले, काही सेकंदांनी 8:80 (त्याच पाथचा क्रमांक) पूर्ववत, चार पाथ, मग पुन्हा फेल. पानंच्या पानं हेच. बाकीच्या नोडवरही (क्लस्टरमधल्या सर्व्हरवरही) तेच रडगाणं. स्विचवर कंट्रोलरच्या पोर्टचा सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा डोळ्यांदेखत चढत होता. केबलचं टोक मळलेलं होतं, पुसून लावल्यावर आकडा थांबला.

मल्टिपाथला हे का दिसलं नाही? कारण त्याचा नेहमीचा चेकर टीयूआर (टेस्ट युनिट रेडी) हा दारावर टकटक करून ‘आहात का?’ विचारतो आणि ‘हो’ ऐकलं की आतला माणूस ठणठणीत आहे असं धरून निघून जातो. टेस्ट युनिट रेडी या कमांडमध्ये डेटा नसतोच. मळलेल्या केबलवरून एवढीशी गोष्ट बहुतेक वेळा सुखरूप जाते. मोठ्या रीडच्या फ्रेम (डेटाचे तुकडे) मात्र वाटेत गळतात. मग कर्नल नेहमीची 30 सेकंदं वाट पाहतो, कमांड रद्द करतो, पाथ फेल होतो, आणि दर 5 सेकंदांच्या तपासणीत (पोलिंगमध्ये) टीयूआर पुन्हा त्याला ‘बरा आहे’ असं सर्टिफिकेट देऊन कामावर पाठवतो.

यावर इलाज त्यातच आहे, पण तो मुळात बंद असतो. मार्जिनल पाथ नावाच्या चार सेटिंग आहेत. ठरवलेल्या वेळात पाथ दोनदा पडला की मल्टिपाथडी (मल्टिपाथचा पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्राम) त्याला बाजूला काढतो, त्यावर सेकंदाला 10 या दराने खरे रीड सोडतो आणि हजारात किती चुकले ते मोजतो. तुम्ही दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चुकले तर त्याला पुढच्या तपासणीपर्यंत आत घेत नाही. नमुन्याचा काळ किमान 120 सेकंद ठेवावा लागतो. चारही भरल्याशिवाय काहीच चालू होत नाही, हे मॅन पेजमध्ये (सोबतच्या माहितीपानात) लिहिलंय, पण ते मॅन पेज एवढं लांब आहे की तिथवर पोचेपर्यंत चहा गार होतो. माझा मुख्य आक्षेप हाच: सॅनमधला सगळ्यात छळणारा बिघाड ज्याने पकडता येतो ते बंद ठेवून द्यायचं कशाला? शिवाय एरर न देता नुसता रेंगाळणारा पाथ यातूनही सुटतो. पाथ निवडणारा सर्व्हिस-टाइम सिलेक्टर त्याच्याकडे कमी काम ढकलतो, तेवढाच दिलासा.

क्लस्टरवाल्यांसाठी दुसरी मोठी जागा म्हणजे नो पाथ रिट्राय, सगळे पाथ गेल्यावर काय करायचं ते ठरवणारं सेटिंग. बरेच जण तिथे ‘क्यू’ लिहितात, कारण एकट्या सर्व्हरसाठी ते सोयीचं असतं: सगळे पाथ गेले तरी आयओ रांगेत थांबतो, एरर येत नाही. क्लस्टरमध्ये यामुळेच नोड ना धड जिवंत ना धड मेलेला होतो. प्रोसेस डी स्टेटमध्ये (आयओची वाट पाहत) अडकतात, किल -9 ला दाद देत नाहीत, कर्नल 120 सेकंदांचा इशारा देत राहतो आणि पेसमेकरला (क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) रिसोर्स (डेटाबेससारखी सेवा) थांबवता येत नाही. शेवटी फेन्सिंगच (नोडला जबरदस्तीने बाहेर काढणं) होतं, फक्त उशिरा. मी तिथे आकडा लिहितो. 5 सेकंदांच्या पोलिंगला 12 म्हणजे साधारण एक मिनिट, आणि रिसोर्सच्या मॉनिटरचा टाइमआउट त्याच्या वर. एसबीडी (सामायिक डिस्कवरून फेन्सिंग करणारी पद्धत) वापरत असाल तर त्याच्या डिस्कला रांग नकोच, सरळ ‘फेल’. आणि वॉचडॉगचा (नोड अडकला तर रीबूट करणाऱ्या टायमरचा) वेळ पाथ बदलायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा हवा, नाहीतर एक केबल उपटल्यावर धडधाकट नोड स्वतःलाच रीबूट करून घेतो.

फेलबॅक (मूळ पाथवर परत जाणं) मुळात मॅन्युअल असतो, ते मला पसंत आहे. लन एका वेळी एकाच कंट्रोलरकडे ठेवणाऱ्या स्टोरेजवर अनेक नोड असतील तर ‘इमिजिएट’ टाळा. एका नोडचे त्या कंट्रोलरचे पाथ गेले म्हणून तो लन पलीकडे नेतो, दुसरा लगेच परत ओढतो, आणि खो-खो सुरू होतो. ‘फॉलोओव्हर’ हा पर्याय नेमका यासाठी आहे.

पर्सिस्टंट रिझर्व्हेशनचं (कोणत्या नोडने लन वापरायचा ते स्टोरेजवरच नोंदवण्याचं) काम मात्र नीट बांधलंय. नोडची की (ओळख-किल्ली) प्रत्येक पाथवर वेगळी नोंदवावी लागते, ते एमपाथपर्सिस्ट हे टूल सांभाळतं आणि परत आलेल्या पाथवर मल्टिपाथडी ती पुन्हा चढवतो. फेन्सिंग करणारा फेन्स एमपाथ त्यावरच उभा आहे.

पाचपैकी चार तारे. पाचवा मार्जिनल पाथ मूळ सेटिंगमध्ये चालू झाला की देईन.

एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीसाठीच्या प्रोटोकॉलवर) जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. कर्नल 4.15 पासून तिथे कर्नलचंच मल्टिपाथ आहे आणि आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) 9 मध्ये ते मुळातच चालू असतं. डीएम-मल्टिपाथची कॉन्फिग फाइल तिथे लागू होत नाही. कंट्रोलर गेल्यावर किती वेळ जोडायचा प्रयत्न करायचा ते सीटीआरएल लॉस टाइमआउट ठरवतो, आणि तो मुळात 600 सेकंद आहे. क्लस्टरचे टाइमआउट नव्याने मांडताना सुरुवात त्या आकड्यापासून करा.